गुडघ्याची वाटी फुटली. भूल कोणती घ्यावी?
जाग्या रुग्णावर स्थानिक भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया : शक्यता, मर्यादा आणि खबरदारी

सास्तूर (जि. धाराशिव) : शेताच्या बांधावरून पाय घसरून गुडघ्यावर पडणे, दुचाकी घसरणे किंवा मोटारीच्या धडकेत गुडघा समोरच्या भागावर आदळणे, ही गुडघ्याची वाटी फुटण्याची नेहमीची कारणे आहेत. लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावात असा अपघात झाला, की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, रुग्णाला कोठे न्यायचे? दुसरा प्रश्न बहुधा शस्त्रक्रिया कक्षाच्या दारात विचारला जातो : भूल कोणती देणार? वयस्कर रुग्णाला दमा किंवा हृदयविकार असेल, तर या दुसऱ्या प्रश्नाचेच भय अधिक असते. पूर्ण बेशुद्ध न करता, रुग्ण जागा असताना केवळ गुडघ्याचा भाग बधिर करून ही शस्त्रक्रिया होऊ शकते काय? याचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र त्या उत्तराला अनेक अटी जोडलेल्या आहेत.

वाटीचे काम

गुडघ्याची वाटी हे शरीरातील सर्वांत मोठे कंडरास्थी, म्हणजे स्नायूच्या दोरीसारख्या टोकात बसलेले हाड आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा बलवान स्नायू वरून वाटीला जोडलेला असतो आणि खालून एक जाड बंध तिला नडगीच्या हाडाशी जोडतो. विहिरीवरच्या रहाटाने दोराला जशी दिशा मिळते, तशी वाटीमुळे स्नायूच्या ओढीला दिशा आणि जोर मिळतो. पायऱ्या चढणे, उकिडवे बसून उठणे, मांडी मोडून उभे राहणे, सायकलचे पायडल मारणे या प्रत्येक क्रियेत तिचा वाटा असतो.

वाटी आडवी तुटली, की वरचा तुकडा मांडीचा स्नायू वर ओढतो, खालचा तुकडा जागीच राहतो आणि मध्ये फट पडते. गुडघ्याच्या सांध्यात रक्त साचून तो फुगतो. रुग्णाला झोपवून पाय सरळ ठेवत वर उचलण्यास सांगितले असता त्याला तो उचलता येत नाही. वेदनेमुळे पाय उचलत नाही, की जोडणीच तुटली आहे, हे ठरवणे कधी कधी कठीण असते. अशा वेळी सांध्यातील रक्त सुईने काढून तेथे स्थानिक भुलीचे औषध सोडतात. वेदना थांबल्यावरही पाय उचलला नाही, तर जोडणी तुटल्याचे स्पष्ट होते. स्थानिक भुलीचा उपयोग असा निदानापासूनच सुरू होतो.

क्ष-किरण चित्र समोरून आणि बाजूने काढतात. काही व्यक्तींची वाटी जन्मतःच दोन भागांत असते. अशा वाटीच्या कडा गुळगुळीत असतात, वेगळा भाग बहुधा वरच्या बाहेरील कोपऱ्यात असतो आणि अनेकदा दुसऱ्या गुडघ्यातही तसेच दिसते. तिला फ्रॅक्चर समजण्याची चूक टाळण्यासाठी गरज पडल्यास दोन्ही गुडघ्यांची तुलना करतात.

प्रत्येक फ्रॅक्चरला शस्त्रक्रिया लागत नाही. तुकडे सरकलेले नसतील आणि रुग्ण पाय सरळ उचलू शकत असेल, तर चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा बांधून हाड जुळते. तुकड्यांमधील फट साधारण दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली असेल किंवा पाय उचलता येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

चांदीच्या तारेपासून आठाच्या वेढ्यापर्यंत

फुटलेली वाटी उघडून जोडणे ही एकेकाळी जिवावर बेतणारी गोष्ट होती, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला की पाय अथवा प्राण जाण्याची भीती असे. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांनी १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एका रुग्णाची वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली. त्या काळी हे धाडस मानले गेले.

आजची रूढ पद्धत 'टेन्शन बँड' या नावाने ओळखली जाते. जर्मन शल्यविशारद फ्रिडरिश पाउव्हेल्स यांनी मांडलेल्या तत्त्वावर ती आधारलेली असून, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या स्वित्झर्लंडमधील 'एओ' या शल्यविशारदांच्या गटाने तिचा प्रसार केला. तुकडे जुळवून त्यातून दोन समांतर पोलादी सळ्या घालतात आणि वाटीच्या पुढच्या पृष्ठभागावरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तारेचा वेढा आवळतात. गुडघा वाकला की एरवी तुकडे एकमेकांपासून दूर ओढले जातील. परंतु पुढे असलेल्या तारेमुळे तीच ओढ सांध्याच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबते. म्हणजे हाड फोडू पाहणारी शक्ती हाड जोडण्याच्या कामी येते. फ्रॅक्चरच्या प्रकारानुसार सळ्यांऐवजी पोकळ स्क्रू किंवा पट्ट्याही वापरतात.

भुलीचे तीन मार्ग

पहिला मार्ग पूर्ण भुलीचा. रुग्ण बेशुद्ध असतो आणि त्याच्या श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे असते. दुसरा मार्ग मणक्यातील भुलीचा. कमरेत बारीक सुईने औषध सोडले, की कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर होतो आणि रुग्ण जागा राहतो. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया केली होती. आपल्याकडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियांसाठी आजही सर्वांत रूढ मार्ग हाच आहे. तिसरा मार्ग स्थानिक भुलीचा. यात दोन पोटप्रकार आहेत : मांडीतील मुख्य नसांजवळ औषध सोडून त्या नसांचा प्रदेश बधिर करणे, किंवा शस्त्रक्रियेच्या जागीच त्वचा, हाडावरचे आवरण आणि सांधा यांत औषध पसरवणे.

व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. कोकेनचे घातक गुणधर्म टाळणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. ही औषधे नसांमधील सोडियमचे सूक्ष्म मार्ग बंद करतात. त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतच नाही.

निजामाच्या राज्यातील धडा

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि भुलीच्या जागतिक इतिहासात त्या संस्थानाला स्थान आहे. क्लोरोफॉर्मने मृत्यू होतात ते श्वास थांबून, की हृदय थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'क्लोरोफॉर्म कमिशन' भरली. निजाम सरकारने त्यांना आर्थिक पाठबळ दिले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे होते, की श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, हृदयाला थेट धोका नाही. कमिशनने त्यांच्या मताला दुजोरा दिला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय थेट बिघडू शकते, हे दाखवून दिले. त्याच हैदराबादेत लॉरी यांच्या हाताखाली काम केलेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात.

या इतिहासाचा धडा आजही लागू आहे. 'ही भूल निर्धोक आहे' असे सरसकट विधान कोणत्याही भुलीबद्दल करता येत नाही. स्थानिक भूलही त्याला अपवाद नाही.

टूर्निके नको, बेशुद्धी नको

हाता-पायाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी हवेचा घट्ट पट्टा आवळतात. त्याला टूर्निके म्हणतात. जाग्या रुग्णाला मांडीवरील हा पट्टा फार काळ सहन होत नाही. यावर कॅनडातील हातांचे शल्यविशारद डोनाल्ड लालाँड यांनी प्रसार केलेल्या पद्धतीने उपाय दाखवला. लिग्नोकेनमध्ये अल्प प्रमाणात अॅड्रेनलिन मिसळून शस्त्रक्रियेच्या जागी टोचले, की तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि पट्ट्याची गरज उरत नाही. टोचताना होणारी जळजळ कमी करण्यासाठी त्यात सोडियम बायकार्बोनेटही मिसळतात. रक्तवाहिन्या पुरेशा आकसण्यासाठी सुमारे २५ ते ३० मिनिटे थांबावे लागते. ही प्रतीक्षा टाळली, तर पद्धत फसते.

अॅड्रेनलिनमुळे बोट मरते, अशी समजूत वैद्यकीय शिक्षणात अनेक पिढ्या चालत आली होती. हात आणि बोटांत अॅड्रेनलिन वापरलेल्या सलग ३,११० रुग्णांची कॅनडातील नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकही बोट गमावले गेले नव्हते. त्यानंतर ही पद्धत हातापुरती राहिली नाही. मलेशियातील शल्यविशारदांनी मनगटाचे हाड पट्टीने जोडण्यासाठी ती वापरली आणि पुढे कोपर, घोटा व गुडघ्याची वाटी येथपर्यंत तिचे प्रयोग पोहोचले. वाटी त्वचेच्या लगेच खाली असल्याने औषध तिच्याभोवती पसरवणे मांडीच्या हाडापेक्षा पुष्कळ सोपे असते. मात्र वाटीसंबंधीचा अनुभव मुख्यतः मोजक्या रुग्णांवरील अहवालांचा आहे. हाताच्या शस्त्रक्रियेइतका भक्कम पुरावा या बाबतीत नाही.

फायदा आणि अडचण

जाग्या रुग्णाचा सर्वांत मोठा फायदा टाके घालण्यापूर्वी दिसतो. तार आवळून झाल्यावर शल्यविशारद रुग्णाला गुडघा स्वतः वाकवून सरळ करण्यास सांगू शकतो. जोड हलतो काय, फट उघडते काय, हे रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या जोरावर तेथेच पाहता येते आणि जोड ढिला असेल तर लगेच पुन्हा आवळता येतो. मणक्यातील भुलीत स्नायू लुळे पडलेले असल्याने डॉक्टरांनाच पाय वाकवून पाहावा लागतो. शिवाय केवळ स्थानिक भुलीत रक्तदाब एकदम उतरणे, लघवी अडणे, मणक्यातील सुईनंतरची डोकेदुखी हे त्रास टळतात.

परंतु जो स्नायू ही चाचणी घडवतो, तोच अडचणही करतो. जागेपणी मांडीचा स्नायू आखडलेला राहिला, तर तो वरचा तुकडा ओढून धरतो आणि तुकडे जुळवणे कठीण होते. अपघाताला बरेच दिवस उलटले असतील, तर ही अडचण वाढते. मांडीतील फिमोरल नस बधिर केल्यास स्नायू सैल पडतो. मात्र मग रुग्णाला गुडघा स्वतः सरळ करता येत नाही, म्हणजे चाचणीचा फायदा जातो. कोणता मार्ग निवडायचा, हे म्हणूनच फ्रॅक्चरच्या स्वरूपावर अवलंबून असते. वाटीचे अनेक तुकडे झाले असतील, तर शस्त्रक्रिया लांबते आणि निव्वळ जागेवरची भूल अपुरी पडण्याचा संभव वाढतो.

मात्रेचे गणित

स्थानिक भुलीचा खरा धोका मात्रेत आहे. अॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची सर्वसाधारण कमाल मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम मानतात. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ती ४२० मिलिग्रॅम होते. एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ४२ मिलिलिटर ही मर्यादा झाली. दोन टक्क्यांचे द्रावण असेल तर ती २१ मिलिलिटरवर येते आणि अर्ध्या टक्क्यापर्यंत पातळ केल्यास ८४ मिलिलिटरपर्यंत जाते. गुडघ्याभोवती पुष्कळ जागेत औषध पसरवायचे असल्याने ते पातळ करून वापरण्याकडे कल असतो. वृद्ध, कृश, तसेच यकृत किंवा हृदयाचा विकार असलेल्या रुग्णांत मात्रा आणखी कमी ठेवावी लागते.

औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा ओलांडली, तर ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण ही पहिली लक्षणे दिसतात. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. रुग्ण जागा असल्याने ही प्राथमिक लक्षणे तो स्वतः सांगू शकतो. म्हणूनच 'काही वेगळे वाटले तर लगेच सांगा' ही सूचना शिष्टाचारापुरती नसते. अशा प्रसंगी प्राणवायू, झटके थांबवणारी औषधे आणि २० टक्के स्निग्ध द्रावणाची सलाइन हाताशी असावी लागते. रुग्णाचा रक्तदाब, नाडी व प्राणवायूचे प्रमाण दाखवणारी यंत्रे आणि शिरेतील सुई या गोष्टी स्थानिक भुलीतही अनिवार्य होत. भूलतज्ज्ञाच्या अनुपस्थितीवरचा तोडगा म्हणून या पद्धतीकडे पाहणे धोक्याचे आहे. भूल अपुरी पडली तर पुढचा मार्ग तयार असला पाहिजे.

कोणासाठी योग्य?

गंभीर फुफ्फुसविकार असलेला, रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे मणक्यात सुई घालणे धोक्याचे ठरलेला किंवा मणक्याची जुनी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण स्थानिक भुलीसाठी विचारात घेतला जातो. फ्रॅक्चर साधे, दोन तुकड्यांचे आणि ताजे असावे. वाटीवरील तारा व सळ्या हाड जुळल्यानंतर टोचू लागल्या, तर त्या काढण्याची लहान शस्त्रक्रियाही अनेकदा स्थानिक भुलीत उरकते.

लहान मुले, अत्यंत घाबरलेले किंवा सूचना समजू न शकणारे रुग्ण, स्थानिक भुलीच्या औषधाची खरी अॅलर्जी असलेले, टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असलेले आणि एकाच वेळी अनेक हाडे मोडलेले रुग्ण यांना हा मार्ग उचित नाही. अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयाच्या लयीचा विकार असल्यास अॅड्रेनलिनबाबत विशेष सावधगिरी लागते.

जाग्या रुग्णाला वेदना होत नाहीत. तथापि दाब, ओढ आणि कंप जाणवतात. सळी घालताना यंत्राचा आवाज ऐकू येतो. याची कल्पना आधी दिली नाही, तर रुग्ण दचकतो आणि भूल उतरली असा त्याचा समज होतो. सीमाभागातील या तालुक्यांत मराठीबरोबर कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबेही आहेत. रुग्णाच्या डोक्याशी बसून त्याच्या भाषेत धीर देणारा एक सेवक असणे, हा या पद्धतीचा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. काही ठिकाणी रुग्णाला भजन वा गाणी ऐकवली जातात.

भूकंपाने दाखवलेली निकड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सर्वाधिक हानी सोसलेल्या गावांत सास्तूरचा समावेश होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे सोळा हजार जखमी झाले. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्याने जखमींमध्ये हाडे मोडलेल्यांची संख्या मोठी होती. अशा आपत्तीत जखमी हजारोंनी येतात आणि भूल देणारे हात मोजके असतात. जगभरच्या आपत्तींत केटामाइन आणि स्थानिक वा नस बधिर करणारी भूल यांवर भर दिला जातो तो याचमुळे. या पद्धतींचे प्रशिक्षण शांततेच्या काळातच व्हायला हवे, हे या परिसराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

रुग्णाने काय करावे?

सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारासाठी उमरगा येथील उपजिल्हा रुग्णालय, तसेच धाराशिव, लातूर व सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हे पर्याय आहेत. वाटीवरची त्वचा फाटून हाड उघडे पडले असेल, तर ती तातडीची बाब असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखम बंद असेल, तर काही तासांत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असे नसते. अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि क्ष-किरणाचे सी-आर्म यंत्र एकत्र असलेल्या ठिकाणी पोहोचण्यास पुरेसा अवधी मिळतो. तोवर पाय सरळ ठेवून फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार बांधावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. गुडघा चोळणे, ओढणे किंवा घट्ट पट्टी आवळणे टाळावे.

पुढील गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात आणि विचाराव्यात :

- मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यांची औषधे. विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.
- पूर्वी दात काढताना किंवा टाके घालताना इंजेक्शनचा त्रास झाला होता काय.
- शेवटचे जेवण किती वाजता झाले. स्थानिक भूल ठरली असली, तरी ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य करण्यास सांगतात.
- स्थानिक भूल अपुरी पडली, तर पुढे काय करणार आणि त्या वेळी भूलतज्ज्ञ कोण असेल.
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय अंगीकृत आहे काय. अशा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे याची चौकशी करता येते.

शस्त्रक्रियेनंतर

भूल कोणतीही असली, तरी गुडघा पुन्हा वाकणे व्यायामावर अवलंबून असते. मांडीचा स्नायू आवळण्याचा व्यायाम लवकर सुरू करतात. पट्टा बांधून, पाय सरळ ठेवून चालण्यास बहुधा लवकर परवानगी मिळते आणि गुडघा वाकवणे टप्प्याटप्प्याने वाढवतात. हाड जुळण्यास सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. वेदनेच्या भीतीने गुडघा महिनोन्महिने सरळच ठेवला, तर तो आखडतो. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, शेतात उकिडवे बसून खुरपणाऱ्या माणसासाठी हे अपंगत्व लहान नसते. जागेपणी गुडघा वाकवून जोड पक्का असल्याचे स्वतः पाहिलेल्या रुग्णाला व्यायामाचा धीर अधिक वाटू शकतो, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात.

गुडघ्याच्या वाटीसाठी मणक्यातील भूल हाच आजचा रूढ मार्ग आहे आणि बहुसंख्य रुग्णांसाठी तो योग्यही आहे. ज्यांना तो मार्ग बंद आहे, त्यांच्यासाठी स्थानिक भुलीने एक दार उघडले आहे. मोजून घेतलेली मात्रा, पुरेशी प्रतीक्षा, नजर ठेवणारी यंत्रे आणि गरज पडल्यास धावून येणारा भूलतज्ज्ञ या चार गोष्टी जेथे आहेत, तेथेच या दाराने जावे.